दरेकसाचा दगड आणि अधिक-उणेचा हिशेब

गारगोटीचा एक कण घ्या. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही एकेक मिलिमीटर. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा-दरेकसा पट्ट्यात रायोलाइट नावाचा जो टणक दगड आहे, त्यात एवढे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. या एका कणात अणू किती? सुमारे ८ लाख कोटी कोटी. अंकांत लिहायचे तर ८ आणि पुढे १९ शून्ये.

तो दगड तयार झाला सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी. समजा, त्याच दिवशी कोणी हे अणू मोजायला बसले. सेकंदाला एक अणू. झोप नाही, जेवण नाही, सणासुदीची सुटी नाही. आजवर त्याचे किती मोजून झाले असते? हजार हिश्श्यांपैकी एक. काम संपायला एकूण अडीच लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय आहे १,३८० कोटी वर्षे. म्हणजे त्याच्या १८० पट काळ. आणि एवढे करून मोजला तो खसखशीएवढा एक कण.

इतके मोठे आकडे समोर आले की आपण दोनपैकी एक करतो. हात जोडतो, नाहीतर ‘काहीतरी फेकतात’ म्हणून पान उलटतो. दोन्ही वेळा एक प्रश्न विचारायचा राहतो: हे मोजले कोणी, कशाने, आणि मोजण्यात चूक किती धरायची? प्रयोगशाळेत दगडाच्या तुकड्याची तपासणी कशी होते ते पाहिले की हा प्रश्न किती कामाचा आहे ते कळते. त्यासाठी दरेकसाचा दगड उत्तम नमुना आहे, कारण त्याच्या वयाचा आकडा एकदा बदललेला आहे आणि तोही थोडाथोडका नाही.

भंडारा-दुर्गचा जुना खडक

मुंबई-हावडा मार्गावर गोंदिया सोडले की आमगाव, सालेकसा मागे टाकत गाडी दरेकसाला येते. त्यापुढचे बोरतलाव छत्तीसगडात, आणि मग डोंगरगड. जंगल, घाट आणि बोगदा असा हा टप्पा. पावसाळ्यात इथे हाजरा फॉल पाहायला गर्दी होते. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी गोंड समाजाचे भाविक महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून येतात.

भूवैज्ञानिकांच्या लेखी हा सगळा मुलूख डोंगरगड महासमूहाचा. एस. एन. सरकार यांनी १९५७ मध्ये या खडकांची रीतसर मांडणी केली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात भंडारा-दुर्ग-बालाघाट या भागाचा उल्लेख ‘मुंबई आणि मध्य प्रदेश’ असा आहे, कारण भंडारा जिल्हा तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा व्हायला १९९९ उजाडायचे होते. खडकांना नावे मिळाली तीही याच पट्ट्यातली: डोंगरगड ग्रॅनाइट, बोरतलावचे वालुकाश्म, बिजली रायोलाइट.

बिजली रायोलाइट हा ज्वालामुखीतून आलेला दगड. सह्याद्रीचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण दोघांचा स्वभाव निराळा. दख्खनचा लाव्हा पातळ. तो लांबलांब वाहत गेला आणि थरावर थर साचला. रायोलाइटमध्ये सिलिका सत्तर टक्क्यांच्या घरात. त्यामुळे त्याचा तप्त रस दख्खनच्या लाव्हापेक्षा लाखो पटींनी घट्ट असतो. आत कोंडलेल्या वाफेला सहज वाट मिळत नाही आणि ती निघते ती स्फोट करून. वयातही तुलना नाही. दख्खनचे पठार साधारण ६.६ कोटी वर्षांचे, रायोलाइट त्याच्या अडतीस पट जुना. पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे धरले तर त्यातला निम्म्याहून अधिक काळ हा दगड आहे तिथेच आहे. तो तयार झाला तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हता. तो साचू लागायला आणखी दहा कोटी वर्षे जावी लागली.

चौदा किलोचा हातोडा

दगड किती जुना याच्याशी ठेकेदाराला देणेघेणे नसते. त्याला हवी असते मजबुती. ती तपासायची रीतही ठरलेली आहे आणि तिच्यातले आकडे आपल्या हाताच्या मापाचे आहेत.

दहा ते साडेबारा मिलिमीटरची खडी लोखंडी भांड्यात भरायची. वरून साडेतेरा ते चौदा किलोचा हातोडा ३८० मिलिमीटर उंचीवरून पंधरा वेळा सोडायचा. मग जे उरले ते २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचे. शंभर ग्रॅम खडीतून जितके ग्रॅम खाली पडले तितका तिचा आघातांक. रेल्वेच्या रुळांखालच्या गिट्टीसाठी तो २० च्या वर चालत नाही. दुसरी चाचणी घर्षणाची: पोलादी पिंपात खडी आणि ४८ मिलिमीटरचे पोलादी गोळे घालून पिंप शेकडो वेळा फिरवायचे आणि किती भुगा झाला ते पाहायचे. त्याची मर्यादा ३० टक्के. गिट्टीच्या आकारालाही नियम आहे. ६५ मिलिमीटरच्या चाळणीवर पाच टक्क्यांहून जास्त राहता कामा नये, ४० च्या चाळणीवर ४० ते ६० टक्के राहायला हवी, आणि २० च्या चाळणीवर निदान ९८ टक्के.

या चाचण्यांच्या भारतीय मानकात एक साधी अट आहे. आघाताची चाचणी दोन नमुन्यांवर करायची, सरासरी काढायची आणि जवळच्या पूर्णांकात लिहायची. १७.३८ लिहून अचूकतेचा आव आणायचा नाही, १७ लिहायचे. कारण तीच खडी पुन्हा कुटली तर दशांशाचे आकडे बदलणारच. ज्याने हे कलम लिहिले त्याला मोजमाप म्हणजे काय ते नेमके कळले होते.

दगड मजबूत का, हे मात्र हातोडा सांगत नाही. त्यासाठी आत पाहावे लागते. हिऱ्याच्या धारेच्या करवतीने दगडाची चकती कापतात, ती काचपट्टीला चिकटवतात आणि घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणतात. एवढा पातळ झाला की काळाकभिन्न दगडही पारदर्शक होतो. जाडी बरोबर झाली की नाही हे ठरवायला कारागीर मोजपट्टी घेत नाही. तो काप सूक्ष्मदर्शकात दोन ध्रुवण-पट्ट्यांमध्ये धरतो. गारगोटीचे स्फटिक करडे-पांढरे दिसले म्हणजे काप ०.०३ वर आला. पिवळी झाक असेल तर अजून थोडा घासायचा. रायोलाइटच्या अशा कापात बारीक, जवळजवळ काचेसारख्या पोतात गारगोटीचे आणि फेल्डस्पारचे मोठे स्फटिक रुतलेले दिसतात. मोठे स्फटिक जमिनीखाली सावकाश वाढले, बाकीचा रस बाहेर येऊन झटक्यात थिजला. एका कापात दोन वेगळ्या गतींचा इतिहास असतो.

न मोजता मोजलेले अणू

आता त्या ८ लाख कोटी कोटींकडे वळू. ते कोणी एकेक करून मोजलेले नाहीत. भागाकार केला आहे.

गारगोटीची पूड करायची, पिठाहून बारीक, आणि तिच्यावर क्ष-किरणांचा झोत सोडायचा. प्रयोगशाळेत बहुधा तांब्यापासून निघणारे क्ष-किरण वापरतात. त्यांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम, एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. स्फटिकात अणूंच्या रांगा साधारण याच अंतरावर असतात, म्हणून किरण ठरावीक कोनांतच जोरात परततात. गारगोटीची सर्वांत ठळक रेघ २६.६४ अंशांवर येते. नागपूरच्या प्रयोगशाळेत घ्या की टोकियोच्या, दरेकसाची गारगोटी असो की ब्राझीलची, रेघ तिथेच. हा नियम विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी बसवला. १९१५ चे नोबेल दोघांना मिळून मिळाले तेव्हा लॉरेन्स पंचवीस वर्षांचा होता.

कोनांवरून अंतरे निघतात, अंतरांवरून स्फटिकाचा एकक कोष, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा अणूंचा सर्वांत लहान संच. गारगोटीचा हा कोष ११३ घन अँगस्ट्रॉमचा आणि त्यात अणू नऊ: तीन सिलिकॉनचे, सहा ऑक्सिजनचे. एक घन मिलिमीटरला ११३ घन अँगस्ट्रॉमने भागा आणि नवाने गुणा. उत्तर ८ वर १९ शून्ये.

डोळ्यांसमोर आणायचे असेल तर शेजारच्या दोन अणूंमधले अंतर धानाच्या दाण्याएवढे, सहा मिलिमीटरचे, कल्पा. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यात प्रत्यक्षात अंतर असते १.६१ अँगस्ट्रॉम. याच प्रमाणात कण वाढवला तर तो ३७ किलोमीटर लांब, ३७ किलोमीटर रुंद आणि ३७ किलोमीटर उंच होईल. एव्हरेस्टच्या चौपट उंचीची, दाण्यांनी खच्चून भरलेली रास.

या गणितात कच्चा दुवा कुठला? कोषाचे माप नव्हे. ते हजारात एकाहूनही कमी चुकीने माहीत आहे. कच्चा दुवा आहे आपला ‘एक मिलिमीटर’. कणाची बाजू मोजताना पाच टक्के इकडेतिकडे झाले तर तिन्ही बाजू मिळून घनफळ पंधरा टक्क्यांनी हलते. म्हणजे आपले उत्तर ८ अधिक-उणे सव्वा. अणूंचे माप बिनचूक आणि मोजपट्टी ढोबळ, अशी गंमत.

ही ढोबळपणाची अडचण दूर करायची म्हणून शास्त्रज्ञांनी शुद्ध सिलिकॉन-२८ चा एक किलोचा गोळा केला. व्यास सुमारे ९४ मिलिमीटर, आणि इतका गोल की माणसाने घडवलेल्या सर्वांत गोल वस्तूंत त्याची गणना होते. क्ष-किरणांनी कोष मोजून त्या गोळ्यातले अणू काढले, तेव्हा दर दहा कोटी अणूंमागे चूक दोनच्या आसपास उरली. या आणि अशाच मोजमापांच्या आधारावर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली. पॅरिसजवळ तिजोरीत जपलेला धातूचा ठोकळा निवृत्त झाला. बाजारातले वजन आता निसर्गाच्या स्थिरांकांवर टेकले आहे.

कोटीतला एक फोटॉन

क्ष-किरण रचना सांगतात. अणू हलतात कसे ते विचारायचे तर सी. व्ही. रामन यांच्या परिणामाकडे जावे लागते. २८ फेब्रुवारी १९२८ ला लागलेल्या या शोधाचा आज प्रयोगशाळांमध्ये रोजचा वापर आहे. लेसरचा हिरवा झोत गारगोटीवर टाकला की परतणाऱ्या फोटॉनांपैकी बहुतेक सगळे जसेच्या तसे येतात. साधारण कोटीत एखादा रंग किंचित बदलून येतो. तो बदल अणूंच्या थरथरण्याचा असतो. गारगोटीच्या वर्णपटातली ठळक रेघ ४६४ या आकड्यावर येते. हिशेब केला तर ती अणूंच्या कंपनाची रेघ आहे: सेकंदाला जवळजवळ १४ लाख कोटी हेलकावे. टेबलावर निपचित पडलेला दगड आतून एवढा अस्वस्थ असतो.

याहून बारीक पाहायचे तर प्रकाश पुरत नाही. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी अर्धा मायक्रॉन. तेवढ्यात अणूंच्या हजारांवर रांगा मावतात, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाला अणू दिसणे शक्य नाही. तिथे इलेक्ट्रॉन कामी येतात. दोन लाख व्होल्टने पळवलेला इलेक्ट्रॉन सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो आणि त्याची तरंगलांबी हिरव्या प्रकाशाच्या दोन लाखाव्या भागाएवढी असते. मग अणूंच्या रांगा पडद्यावर ठिपक्यांनी उमटतात.

आपल्या शेजारी इंदूरला इंडस-२ हे यंत्र आहे. १७२ मीटर घेराच्या कड्यातून इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या मारतात आणि वळताना प्रखर क्ष-किरण सोडतात. पूर्ण ऊर्जेला त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाहून किती कमी? सेकंदाला सहा मीटरने. तीस कोटी मीटरांत फक्त सहा. हे किरण देशभरातले संशोधक वापरतात, धातूंपासून औषधांपर्यंत सगळ्यांची अंतर्रचना पाहायला.

दोन दिवसांना एक अणू

वय काढायला मात्र गारगोटी चालत नाही. त्यासाठी झिरकॉन लागतो. रायोलाइटमध्ये हा खनिजकण केसाच्या जाडीएवढा आणि मोजकाच असतो. तो मिळवण्याची रीत सोनाराच्या कामासारखी चिकाटीची आहे. काही किलो दगड कुटायचा, चाळायचा, धुवायचा. मग जड द्रवात टाकायचा. गारगोटीची घनता २.६५ म्हणून ती तरंगते. झिरकॉनची ४.६ च्या वर, तो तळाला जातो. चुंबकाने लोहयुक्त कण काढून टाकायचे. उरलेल्या चिमूटभर वाळूतून झिरकॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक वेचायचे. वेचलेले कण रेझिनच्या चकतीत बसवून अर्ध्यापर्यंत घासायचे, म्हणजे पोट उघडे पडते.

झिरकॉनच का, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. स्फटिक वाढताना झिर्कोनियमच्या जागी युरेनियम बसू शकतो, शिसे मात्र बसत नाही. त्याचा आयन आकाराने मोठा आणि विद्युतभारानेही न जुळणारा. त्यामुळे जुन्या झिरकॉनमध्ये जे शिसे सापडते ते जवळजवळ सगळे आतल्या युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले. शिवाय हा स्फटिक नऊशे अंशांच्या उष्णतेतही हे शिसे सहजी सोडत नाही.

एका कणाचा हिशेब करू. बाजू ०.१ मिलिमीटर. युरेनियमचे प्रमाण दहा लाखांत शंभर, जे झिरकॉनमध्ये नेहमीचे आहे. मग त्यात युरेनियमचे अणू झाले सव्वा लाख कोटींच्या आसपास. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य ४४६.८ कोटी वर्षे. या वेगाने त्या कणात वर्षाला १८० च्या आसपास अणू फुटतात. दर दोन दिवसांनी एक. दगड खाणीत असो की रुळाखाली, थंडीत असो की वणव्यात, हा दर बदलत नाही. २५० कोटी वर्षांत सुरुवातीच्या दर शंभरांतले ३२ अणू शिसे झाले, ६८ उरले.

त्याच कणात दुसरे घड्याळही आहे. युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य ७०.४ कोटी वर्षे. त्याचे शंभरातले साडेआठच उरलेत. दोन घड्याळे, दोन वेग. दोघांनी एकच वेळ दाखवली तर आकडा भरवशाचा. नाही दाखवली तर मध्ये कधीतरी शिसे निसटले, हे लगेच कळते. दगडाचे वय काढण्याच्या इतर बहुतेक रीतींना ही आपली आपण तपासणी करण्याची सोय नाही.

मोजणीही पाहण्यासारखी. हैदराबादची एनजीआरआय, डेहराडूनची वाडिया संस्था, दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र अशा मोजक्या ठिकाणी ही सोय आहे. एका पद्धतीत लेसरने झिरकॉनला तीस मायक्रॉन रुंदीचा खड्डा पाडतात. त्यातून निघालेली धूळ पन्नास नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दोन कोटीवा भाग. ती आर्गॉनच्या अशा झोतात जाते की ज्याचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त असते. तिथे तिचे आयन होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यांना वजनावरून वेगळे करतो. एवढ्याशा धुळीतही युरेनियमचे बाराशे कोटींवर अणू असतात. भारताच्या लोकसंख्येच्या आठ-नऊ पट. एवढ्यांची खानेसुमारी होते म्हणून शेवटचा आकडा डळमळत नाही.

फुटणारा अणू घड्याळाचे काम करतो आणि घरही मोडतो. युरेनियम-२३८ शिसे होईपर्यंत आठ वेळा अल्फा कण फेकतो. दर वेळी मागे राहिलेला जड अणू बंदुकीच्या दस्त्यासारखा झटका खातो आणि हजारभर शेजाऱ्यांना जागेवरून उठवतो. आपल्या कणात आजवर छप्पन्न हजार कोटींच्या आसपास युरेनियम अणू फुटले. हिशेबाने कणातल्या दर वीस अणूंपैकी एक कधी ना कधी विस्थापित झाला. युरेनियम आणखी जास्त असेल तर झिरकॉनची स्फटिकरचना ढासळत काचेसारखी होते. घनता घटते, कठीणपणा घटतो, रामन वर्णपटातली रेघ फुगून पसरते. अणुभट्टीतला किरणोत्सारी कचरा हजारो वर्षे कशात बंद करावा, या प्रश्नावर काम करणारे लोक म्हणूनच जुने झिरकॉन तपासतात. अब्जावधी वर्षांचा प्रयोग निसर्गाने आधीच करून ठेवला आहे, निकाल वाचायचे काम तेवढे राहिले.

बत्तीस कोटी वर्षांचा फरक

आता दरेकसाच्या दगडाच्या वयाचा आकडा बदलल्याची गोष्ट. १९८१ मध्ये सरकार, गोपालन आणि त्रिवेदी यांनी भंडारा-दुर्ग भागातल्या प्राचीन खडकांची वये प्रसिद्ध केली. रीत होती रुबिडियम-स्ट्रॉन्शियमची. बिजली रायोलाइटचे वय आले २१८ कोटी वर्षे, अधिक-उणे अडीच कोटी. पुढे झिरकॉनमधल्या युरेनियम-शिशाने आकडा आला २५० कोटींच्या आसपास.

फरक बत्तीस कोटी वर्षांचा. बत्तीस कोटी वर्षांपूर्वी डायनासोर जन्मले नव्हते. सगळे डायनासोर, सगळे सस्तन प्राणी आणि माणूस मिळून जेवढा काळ होतो त्याहून हा फरक मोठा. मग १९८१ चे काम चुकीचे होते? तसे नाही. रुबिडियम आणि स्ट्रॉन्शियम हे झिरकॉनमधल्या शिशासारखे कोंडून राहत नाहीत. दगड पुन्हा तापला किंवा त्यातून गरम पाणी फिरले की ते जागा सोडतात आणि घड्याळ मागे पडते. त्या शास्त्रज्ञांनी दगडातले जे मोजले ते नीट मोजले. त्या आकड्यांचा अर्थ ‘दगडाचा जन्म’ असा घ्यायचा की ‘त्याला बसलेला शेवटचा चटका’ असा, हा प्रश्न पुढच्या रीतीने सोडवला.

एक गुंता याहून खोल आहे. रुबिडियमचे अर्धायुष्य साधारण ४,९०० कोटी वर्षे. ते थेट मोजणे फार अवघड, म्हणून १९७७ मध्ये जगभर एक आकडा ठरवून वापरात आला. २०१५ मध्ये तो सुधारून घेण्याची शिफारस झाली. बदल जेमतेम दीड टक्क्याचा. पण २५० कोटी वर्षांच्या दगडावर दीड टक्का म्हणजे चार कोटी वर्षे होतात. दगडाला हात न लावता, केवळ कागदावर, वय चार कोटींनी सरकले. युरेनियमची बाजू इथे भक्कम आहे. १९७१ मध्ये मोजलेले ४४६.८३ कोटी वर्षांचे अर्धायुष्य अधिक-उणे ०.४८ कोटीसह आले. चूक हजारात एक. आजही जगभर तोच आकडा चालतो.

आता आकड्यांमागची माणसे कशी विचार करतात ते लक्षात येईल. हातोड्याच्या चाचणीवाला दशांश टाकून देतो. सिलिकॉनचा गोळा करणारा दहा कोटींत दोनची चूक आपणहून सांगतो. झिरकॉनवाला दोन घड्याळे एकमेकांशी ताडून पाहतो. २१८ चे २५० होऊ शकले, कारण २१८ बरोबर अधिक-उणे आणि रीत दोन्ही लिहून ठेवलेली होती. पुढच्याला कुठे बोट ठेवायचे ते कळले. नुसतेच ‘कोट्यवधी वर्षांपूर्वीचा’ असे लिहिले असते तर ते कधीच चूक ठरले नसते आणि कधीच सुधारलेही नसते.

सहलीच्या फलकावर, जाहिरातीत, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात ‘इतक्या कोटी वर्षांचे’, ‘इतक्या लाख पटींनी’ असे वाचले की दोन गोष्टी विचारा: कशाने मोजले आणि अधिक-उणे किती? शाळेत शिकवत असाल तर मुलांनाही हेच विचारायची सवय लावा. शून्ये मोजण्याहून ती जास्त उपयोगी पडेल. दोन्हींची उत्तरे मिळाली तर आकडा कितीही अचाट असो, बेलाशक विश्वास ठेवा. मिळाली नाहीत तर तो ऐकीव समजा आणि पुढे पाठवू नका.